विचारून तर बघा: एका दाराला दोन घरनंबर

गेल्या अंकात विचित्र सरहद्दींवर एक छोटी चौकट छापली होती, त्यात बार्ले नावाच्या गावाला जेमतेम चार ओळी होत्या, आणि तुमची पत्रं, मेल, व्हॉट्सअ‍ॅप सगळं त्या चार ओळींवरच आलं. सरहद्दीवरचं गाव म्हणजे अर्धं हॉलंडमध्ये आणि अर्धं बेल्जियममध्ये, इतकं सोपं प्रकरण असतं तर मीही दोन वाक्यांत आटोपलं असतं. ते तसं नाहीये. म्हणून या वेळचं अख्खं सदर बार्लेलाच देऊन टाकलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, आणि ज्यांनी तीन-तीन पानं लिहिलीत त्यांनी रागावू नका, कात्री चालवावी लागली.

नातवाने व्हिडिओ दाखवला. कॅफेत नवरा एका देशात बसलाय आणि समोरची बायको दुसऱ्या देशात. हे खरं आहे की आम्हा म्हाताऱ्यांना बनवतात?
*एक आजोबा, गिरगाव*

आजोबा, खरं आहे. फुटपाथवर पांढऱ्या फुल्यांची रांग असते, एका अंगाला एनएल (नेदरलँड्स, म्हणजे आपलं हॉलंड) लिहिलेलं, दुसऱ्या अंगाला बी (बेल्जियम), आणि ती रांग रस्ता ओलांडते, दुकानात शिरते, मागच्या भिंतीतून बाहेर पडून कुणाच्या तरी परसात जाते.

आता हिशोब नीट ऐका, कारण पहिल्या झटक्यात तो कुणाच्याच डोक्यात शिरत नाही. गाव एकच, पण पालिका दोन. बार्ले-नासाऊ ही डच, नॉर्थ ब्राबांट प्रांतातली. बार्ले-हर्टोग ही बेल्जियन, अँटवर्प प्रांतातली. या बेल्जियन पालिकेचे २२ तुकडे डच जमिनीत इकडेतिकडे सांडलेत. त्यातल्या सगळ्यात मोठ्या तुकड्याच्या पोटात सहा डच तुकडे, दुसऱ्या नंबरच्या तुकड्याच्या पोटात आणखी एक, म्हणजे हॉलंडमध्ये बेल्जियम आणि त्या बेल्जियममध्ये परत हॉलंड. आठवा डच तुकडा थोडा लांब, झोन्डेरएगेन नावाच्या वस्तीपाशी, तिथे मात्र बेल्जियमची सलग जमीन आहे. असे एकूण ३०. सगळ्यात लहान बेल्जियन तुकडा २,६३२ चौरस मीटरचा, एक शेत नुसतं. आणि या सगळ्यावर राहणारी माणसं दोन्ही पालिका मिळून दहा हजारांच्या आसपास. आपल्याकडे एखाद्या मोठ्या टाऊनशिपमध्ये याहून जास्त लोक राहतात.

पण असं झालंच कसं? कोणी तरी नकाशा काढताना झोपलं होतं का?
*शाळेतल्या बाई, परळ (आणि त्यांच्या सहावीच्या वर्गाची चिठ्ठी)*

झोपलं कोणी नव्हतं बाई, उलट सगळे जरा जास्तच जागे होते.

११९८ साली ब्राबांटचा ड्यूक पहिला हेन्री आणि ब्रेडाचा सरदार गॉडफ्रीड यांच्यात करार झाला. गॉडफ्रीडने ड्यूकला आपला धनी मानलं, बदल्यात ड्यूकने त्याला बार्लेची जमीन दिली. पण सगळी नाही! ज्या जमिनी आधीच कुळांना लावून दिलेल्या होत्या, जिथून सारा येत होता, त्या ड्यूकने स्वतःकडे ठेवल्या आणि पडीक, माळरान वगैरे गॉडफ्रीडच्या पदरात घातलं. वसुलीची जमीन कोण हो सोडतं. ड्यूकच्या वाट्याचं गाव ते बार्ले-हर्टोग, आणि ब्रेडाची सरदारकी पुढे लग्नसंबंधातून नासाऊ घराण्याकडे गेली म्हणून दुसरं बार्ले-नासाऊ. तेव्हा हे दोन मालकांचे सातबारे होते, बस. दोन्ही मालक एकाच मुलखातले, तेव्हा त्रास काहीच नव्हता.

त्रास १६४८ ला सुरू झाला. डच लोकांचं स्पेनशी ऐंशी वर्षं युद्ध चालू होतं, ते म्युन्स्टरच्या तहाने संपलं, ब्रेडा आणि आजूबाजूचा मुलूख डच प्रजासत्ताकाकडे गेला आणि खालचा भाग, म्हणजे साधारण आजचं बेल्जियम, स्पेनकडे राहिला. जो सातबारा ड्यूकच्या खात्यात होता तो आता परदेश झाला. पुढे १८३० मध्ये बेल्जियम हॉलंडपासून वेगळा झाला, मग दोन देशांमधली रेषा आखायची वेळ आली. १८४३ ला मास्त्रिक्तचा करार झाला आणि सीमेवर नंबर घातलेले खांब रोवत रोवत माणसं इथपर्यंत आली आणि अडकली. २१४ नंबरचा खांब आणि २१५ नंबरचा खांब यांच्यामध्ये रेषा ओढताच येईना. मग त्यांनी काय केलं, तर रेषेचा नादच सोडला, आणि ५,७३२ प्लॉट एकेक करून लिहून काढले, हा तुमचा, हा आमचा. सहावीच्या मुलांना सांगा, ५,७३२ वेळा.

त्यावरही सगळं मिटलं नाहीच. गावातल्या रेषेची नीट मोजणी व्हायला १९७४ उजाडलं आणि शेवटचा तुकडा पक्का व्हायला १९९५. म्हणजे अनेक वाचकांच्या हयातीत.

आमच्या सोसायटीत दोन विंग आहेत, पाण्याच्या टाकीवरून आठ वर्षं भांडण चालू आहे. या गावात दोन देश असून कचरा, पोलीस, लायब्ररी चालते कशी? आणि दोन महापौर म्हणजे दोन्ही एकमेकांचं तोंड बघतात का?
*सोसायटीचे सेक्रेटरी, बोरिवली*

सेक्रेटरीसाहेब, सगळ्यात चांगला प्रश्न तुमचा, कारण बाकी सगळे सीमारेषेचे फोटो बघून खूश होतात आणि खरी गंमत पालिकेत आहे.

आधी हे की दोघांची पद्धतच वेगळी. डच बाजूला काउन्सिल दर चार वर्षांनी निवडून येते, पण महापौर निवडून येत नाही. काउन्सिल नाव सुचवते आणि राजाच्या आदेशाने सहा वर्षांसाठी नेमणूक होते. तो काउन्सिलच्या बैठकीत अध्यक्ष म्हणून बसतो पण मत देत नाही. बेल्जियन बाजूला, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या फ्लँडर्स भागात, निवडणूक दर सहा वर्षांनी, आणि २०२४ पासून नियम असा की सत्तेत आलेल्या पक्षांपैकी सगळ्यात मोठ्या पक्षाच्या उमेदवार-यादीत ज्याला सर्वात जास्त मतं तोच महापौर. म्हणजे एकाच रस्त्यावर एक महापौर लोकांच्या मतांचा आणि दुसरा राजाच्या सहीचा. (आपल्याला हसायचा हक्क नाही, मुंबईत मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं २२७ वॉर्ड प्रशासकाच्या भरवशावर होते. त्या गावात निदान एकाच्या जागी दोन तरी आहेत.)

निवडणुकांची वर्षं जुळत नाहीत, बजेट वेगळं, वरचं सरकार वेगळं, एकाला द हेगकडे बघायचं, दुसऱ्याला ब्रसेल्सकडे. तर मग चालतं कसं? दोघांनी मिळून एक संयुक्त मंडळ काढलंय, १९९८ पासून. त्याला आधार आहे बेनेलक्सच्या (बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या तिघांचा गट) १९८६ च्या एका कराराचा, ज्यात सीमेच्या दोन बाजूंच्या स्थानिक संस्थांना एकत्र काम करायची रीतसर परवानगी मिळाली. मंडळात दोन्हीकडची माणसं बसतात, रस्ते, संस्कृती, पर्यटन, जे काही दोघांच्या गळ्यात आहे ते तिथे बोलतात. आणि आता महत्त्वाचं ऐका, मंडळाने काही ठरवलं म्हणजे झालं असं नाही. ते परत आपापल्या काउन्सिलमध्ये जातं आणि दोन्हीकडे मंजूर झालं तरच चालतं. कुणाचाही अधिकार कुणी काढून घेतलेला नाही. मला विचाराल तर हीच त्यांची हुशारी आहे, कारण एकत्र या म्हटलं की पहिली भीती हीच असते की माझी खुर्ची जाणार, आणि इथे खुर्च्या सगळ्या जागच्या जागी आहेत, फक्त बसायची खोली एक केली. तुमच्या टाकीचं बघा काही जमतं का.

पोलीस दोन देशांचे, युनिफॉर्म वेगळे, कायदे वेगळे, पण ऑफिस शेअर करतात. लायब्ररी आणि सांस्कृतिक केंद्र एकच, दोन्ही पालिकांचं. शाळा मात्र वेगवेगळ्या, अभ्यासक्रमच वेगळा ना. चर्चही दोन. टाऊन हॉल दोन, आणि बेल्जियन टाऊन हॉलच्या इमारतीतून सीमा जाते, काय बोलणार. रस्त्याची नावं दोघांना सामायिक, घरनंबर आपापले, आणि नंबराच्या पाटीवर देशाच्या झेंड्याचे रंग असतात म्हणून पोस्टमनचा गोंधळ होत नाही.

कायदे मात्र एक करायच्या भानगडीत ते पडले नाहीत. बेल्जियममध्ये बिअर वाइन सोळाव्या वर्षी चालते, हॉलंडमध्ये २०१४ पासून अठरा लागतात, एकाच रस्त्यावर! पूर्वी डच हॉटेलं लवकर बंद करावी लागायची तेव्हा टेबलं उचलून सरळ बेल्जियन बाजूला सरकवायचे, असं गावात अजून मजेत सांगतात. आणि २०२० च्या मार्चमध्ये कोविड आला तेव्हा बेल्जियमने किराणा-औषधं सोडून दुकानं बंद केली, हॉलंडने केली नाहीत, तर एका कपड्यांच्या दुकानात मधोमध पट्टी लावून बेल्जियन अर्धं बंद आणि डच अर्धं चालू. त्याचे फोटो जगभर फिरले.

समजा घराच्या मधूनच रेषा जाते, तर टॅक्स कोणाला भरायचा? आणि बाळ कुठल्या बेडरूममध्ये झालं त्यावर नागरिकत्व ठरतं का?
*वाचक ताई, घाटकोपर*

ताई, घराचा देश ठरतो पुढच्या दारावरून. दार ज्या जमिनीवर, त्या देशात घराची नोंद, तिथल्या पालिकेचा नंबर. स्वयंपाकघर पलीकडे गेलं तर जाऊ दे. आणि रेषा नेमकी दारातूनच गेली तर? तसंही एक घर आहे, लोव्हेरन नावाच्या रस्त्यावर, त्या एका दाराला दोन पाट्या, एकीकडे २ नंबर, दुसरीकडे १९ नंबर.

मग लोक दार सरकवत असतील, हा तुमचा पुढचा प्रश्न मला ऐकू आला. हो, सरकवलंय. १९९५ ला रेषा पक्की झाली तेव्हा एका म्हाताऱ्या बाईंना कळलं की आपण जन्मभर बेल्जियन म्हणून राहिलो आणि दार निघालं हॉलंडमध्ये. त्यांनी दार हलवलं आणि विषय संपवला. आपल्याकडे असं काही करायचं तर एनओसीच्या फायलीतच दोन पिढ्या गेल्या असत्या.

बाळाचं मात्र तुम्ही समजता तसं नाही. दोन्ही देशांत नागरिकत्व मुख्यतः आईवडिलांवरून येतं, जमिनीवरून नाही. त्यामुळे बेल्जियन घरात राहणारे डच लोक बार्ले-हर्टोगमध्ये पुष्कळ आहेत, पासपोर्ट डच, पत्ता बेल्जियन. आणि दोन्ही युरोपियन युनियनमधले देश असल्याने पालिकेच्या निवडणुकीत ते राहतात तिथे मत देऊ शकतात, म्हणजे बेल्जियन पालिका कोण चालवणार हे ठरवण्यात डच माणसाचाही हात असतो.

लॉ कॉलेजला आहे. या गावावरून दोन देश कधी कोर्टात गेले का?
*विद्यार्थिनी, चर्चगेट*

गेले ना! आणि यात तुला मराठी माणसाच्या जवळचा धागाही देते, शेवटपर्यंत वाच.

झोन्डेरएगेनमध्ये ९१ आणि ९२ नंबरचे दोन प्लॉट होते. १८४३ च्या सीमेच्या कागदात ते बेल्जियमच्या नावावर. डच म्हणाले की ही लिहिताना झालेली चूक आहे, त्याआधी दोन्ही पालिकांनी मिळून बनवलेल्या मूळ कागदात ते आमच्या नावावर आहेत, आणि शिवाय शंभर वर्षं तिथले जन्म-मृत्यू-लग्न आम्हीच नोंदवतोय, जमिनीचा करही आम्हीच घेतोय. शेवटी दोन्ही देश समजुतीने, भांडत नाही, द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. २० जून १९५९ ला निकाल लागला, १० विरुद्ध ४, बेल्जियमच्या बाजूने. कोर्टाचं म्हणणं साधारण असं की करारात जे छापलं ते दोघांनी मान्य केलेलं होतं, चूक सिद्ध होत नाही, आणि स्थानिक कारकुनांनी नेहमीच्या सवयीने नोंदी केल्या म्हणून सार्वभौमत्व बदलत नाही. गंमत म्हणजे १८९२ मध्ये दोन्ही देशांनी एक करार केला होता ज्यात बेल्जियम हेच दोन प्लॉट हॉलंडला देऊन टाकणार होतं. तो करार मंजूरच झाला नाही, पण कोर्टात त्याचीही चर्चा झाली, कारण हॉलंडने तेव्हा देऊ केलेली जमीन घ्यायची तयारी दाखवली होती, म्हणजे ती आपली नाही हे मानलंच की.

आता तो धागा. या निकालानंतर दहा महिन्यांच्या आत, १२ एप्रिल १९६० ला, त्याच कोर्टाने तुकड्यांच्या जमिनीचीच आणखी एक केस निकाली काढली, पोर्तुगाल विरुद्ध भारत. दादरा आणि नगर हवेली! चारी बाजूंनी भारत आणि मध्ये पोर्तुगीज. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आपल्या लोकांनी ती मुक्त केली, त्यात बाबूजी म्हणजे सुधीर फडकेही होते, हे घरोघरी माहीत असायला हवं पण नसतं. पोर्तुगाल कोर्टात गेलं की दमणहून आमच्या तुकड्यात जायचा रस्ता भारताने अडवला. कोर्ट म्हणालं, साधी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल नेण्याचा हक्क तुम्हाला होता, सैन्य आणि शस्त्रं नेण्याचा नव्हता, आणि भारताने केलं त्यात काही चूक नाही. आता नकाशा उघड, आजही दादरा हा तुकडा गुजरातने वेढलेला आहे आणि नगर हवेलीच्या आत मघवाळ नावाचं गुजरातचं एक गाव आहे. बार्लेपर्यंत जायचीही गरज नाही, वापीला उतरलीस की झालं.

पहिल्या महायुद्धात बेल्जियम जर्मनीच्या ताब्यात होतं आणि हॉलंड तटस्थ. मग या गावाचं काय झालं?
*इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक, मुलुंड*

सर, उत्तर तुम्हाला माहीत असणार, परीक्षा घेताय. असो.

जर्मनांनी १९१४ ला बेल्जियम घेतलं, पण बार्ले-हर्टोगच्या तुकड्यांपर्यंत पोचायचं तर डच जमीन तुडवावी लागणार, आणि डच तटस्थ. म्हणून बेल्जियमचा हा इवलासा भाग सगळं युद्धभर मोकळा राहिला. सुटून आलेली माणसं, पत्रं, निरोप सगळ्यांची वाट इथून. १९१५ मध्ये तिथे चक्क बिनतारी संदेशांचं केंद्र उभं राहिलं आणि मित्रराष्ट्रांसाठी चालू झालं. डच सरकारची पंचाईत अशी की आपल्या पोटात लढणाऱ्या देशाचा रेडिओ वाजतोय आणि आपण तटस्थ, मग त्यांनी तुकड्यांभोवती कुंपण घातलं, माल आत-बाहेर जाण्यावर पहारा ठेवला. आणि जर्मनांनी बेल्जियम-हॉलंड सीमेवर दोन हजार व्होल्टची विजेची तार टाकली ती वेगळीच, तिने किती माणसं मारली. ज्या सीमेवर आज आइस्क्रीम खात फोटो काढतात तीच ही सीमा, तेव्हा पलीकडे जायचं तर जीव मुठीत धरून जावं लागायचं.

दुसऱ्या महायुद्धात हॉलंडही गेलं, त्यामुळे तो फायदा राहिला नाही. युद्धानंतर मात्र लोण्याची चोरटी वाहतूक जोरात चालली, ते प्रकरण इतकं रंगतदार आहे की वेगळ्या अंकात लिहीन.

भारत-बांगलादेशने तुकड्यांची अदलाबदल करून टाकली. यांना काय अडचण आहे? आणि आपल्या बेळगावचं?
*चेंबूरहून एक, लालबागहून दोन, दादरहून चार पत्रं*

बेळगाव येणारच होतं, मला माहीत होतं.

आधी बांगलादेश. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री भारताचे तिकडचे १११ तुकडे आणि त्यांचे इकडचे ५१ तुकडे बदलले गेले, १६२ एकूण, बार्लेच्या पाचपट. त्यात दहाला खागराबारी नावाचं एक शेत तर बांगलादेशातल्या भारतातल्या बांगलादेशातला भारत होतं, परत वाचा, बरोबरच लिहिलंय. पण तिथल्या माणसांना शाळा नाही, दवाखाना नाही, ओळखपत्र नाही, मत नाही. करार १९७४ चा आणि अंमल २०१५ ला, चाळीस वर्षं माणसं कागदावर नव्हतीच. तिथे अदलाबदल हाच इलाज होता.

बार्लेत उलटं आहे. तिथल्या माणसाला एकाच्या जागी दोन सरकारं सेवा द्यायला उभी, दोन्हीकडे युरो, ना चेकपोस्ट ना व्हिसा, मोबाइलचं रोमिंगही २०१७ पासून फुकट. वर पर्यटक येतात, रविवारीसुद्धा दुकानं भरलेली. असं असताना कोण म्हणेल आमची सीमा पुसा? भारत-बांगलादेशचं मिटल्यापासून जगातलं सगळ्यात गुंतागुंतीचं असं गाव म्हणून त्यांचाच नंबर लागतो, ते तर मिरवतात.

आता बेळगाव. तुमच्यापैकी दोघांनी लिहिलंय की तिथेही असंच संयुक्त मंडळ काढा आणि मोकळे व्हा. मला ही तुलना तितकी पटत नाही, आणि का ते स्पष्ट सांगते. बार्लेत दोन्हीकडचे लोक डचच बोलतात, बोलीही तीच ब्राबांटची, देवही तोच, दोन्ही चर्च कॅथलिक. शाळेत कुठली भाषा, पाटीवर कुठली भाषा, कोर्टात अर्ज कुठल्या भाषेत, हे प्रश्न तिथे उगवलेच नाहीत. बेळगावात सगळं दुखणं त्याचंच आहे. महाराष्ट्राने २००४ ला सुप्रीम कोर्टात दावा लावला तो एका भाषेच्या माणसांसाठी, प्लॉट नंबरांसाठी नाही. त्यामुळे बार्लेचं औषध तिथे लागू पडेल असं म्हणणं म्हणजे रोगी न बघता गोळी देणं.

पण बार्लेशी जुळणारं एक उदाहरण आपल्याकडे आहे आणि त्यावर एकानेही लिहिलं नाही, याचं मला नवल वाटलं. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातली १४ गावं. महाराष्ट्र म्हणतं आमची, तेलंगणा म्हणतं आमची. तिथल्या लोकांकडे दोन राज्यांची रेशनकार्डं आहेत, दोन्हीकडे मतदारयादीत नाव, दोन्हीकडच्या योजना. दोन सरकारं तिथेही आलीच की, फक्त ती एकमेकांशी बोलत नाहीत. गावकऱ्याला जमिनीचा पट्टा हवा तर कोणाच्या दारात जायचं ते ठरत नाही. बार्लेच्या लोकांनी जे केलं, म्हणजे मालकीचं भांडण बाजूला ठेवून रस्ता आणि लायब्ररी एकत्र चालवली, ते करायचं तर या १४ गावांत करून बघता येईल, मुंबईत बसलेल्यांनी मनावर घेतलं तर.

पोरगा आइंडहोवनला नोकरीला आहे, आम्ही मे महिन्यात चाललोय. बार्लेला जायचं तर दोन व्हिसा लागतील का? जावं का मुळात?
*एक आई, भांडुप*

व्हिसा एकच, शेंगेन, दोन्ही देशांना तोच चालतो. हॉलंडकडून ब्रेडा किंवा टिलबर्गहून बस, बेल्जियमकडून टर्नहाउट जवळ. रेल्वे आता नाही, १८६७ ला टिलबर्ग-टर्नहाउट लाइन सुरू झाली होती ती कधीच बंद पडली आणि तिच्या जागी सायकल ट्रॅक आहे, पोराकडे सायकली असतीलच, तिथे राहून सायकल नसेल असं होत नाही, त्यावरूनच जा. देखणं म्हणाल तर गाव काही खास नाही हो, चर्च, चौक, विटांची घरं, खूप दुकानं. पण फुल्यांच्या मागे मागे अर्धा दिवस चालायचं, घरांच्या पाट्या बघायच्या, लोव्हेरनचं ते दार शोधायचं. कुणाच्या अंगणात शिरू नका मात्र, तिथे माणसं राहतात.

आणि मे टळला आणि डिसेंबरवर गेलं तर वर्षअखेरचे दिवस सोडून जा. डच कायद्यात फटाके विकायला वर्षातले शेवटचे तीनच दिवस असायचे, बेल्जियन दुकानांना ते बंधन नव्हतं, त्यामुळे वर्षानुवर्षं हॉलंडभरातून गाड्या फटाके घ्यायला या गावात येत आल्यात, आणि पार्किंगचे हाल आपल्या दादरसारखे.